कडेवरचा पंधरावा

धानाच्या रोवणीच्या दिवसांत केशोरीजवळच्या एका गावात अंगणवाडीचा दुरुस्त केलेला वजनकाटा पोचवायला गेलो होतो. हजेरीपटावर चौदा मुलं होती, समोर पाच. "मदतनीस बाई आणायला गेल्यात," सेविका म्हणाल्या.

मी शेतापर्यंत गेलो. पन्नाशीची ती बाई चपला हातात घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालली होती, मागे आठ मुलं. पुढे चारेक वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती.

"तिले नेऊ नको वं," चिखलातून तिची आई ओरडली, "बारक्याले कोन पाहीन?"

"त्याले बी दे. माही कंबर अजून मोडली नाही."

अंगणवाडीत मी पुन्हा मोजलं. पंधरा भरले. वर्षाचंही नसलेलं ते मूल पटावर नव्हतं. "एक जास्त आहे," मी म्हणालो.

खिचडी ढवळताना मदतनीस बाईने वरही पाहिलं नाही. "त्याले काऊन मोजून राहिले जी? तो आला म्हणून तं बहीण आली."

तिचं नाव मी विचारलं नाही. निघालो तेव्हा तो तिच्या कडेवर झोपला होता. मुलं गाणं म्हणत होती. त्याची बहीण दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, गाण्याच्या जरा मागे.