नको गुरुजी

नको म्हणावं तर आमच्या गुरुजींनीच. पंगतीत जिलेबीचं ताट समोर आलं की ते वाढणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत, उजवा हात ताटावर आडवा धरत आणि म्हणत, "तुमच्या हातचं खाल्लं, जीव निवला. आता नको." इतक्या मायेनं म्हणत, की वाढणारा न चिडता पुढच्या पानाकडे सरके. आमच्या भागात हे सोपं नाही. इथं नको म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं. म्हणून त्यांचं नावच पडलं, नको गुरुजी.

जिल्हा परिषदेच्या शाळेतले हे मास्तर एके काळी एवढे जाड होते, की खडू खाली पडला तर तो उचलायचा सोडून दुसरा घेत. पोरं मागून हसत. मग गुडघे गेले, रक्तदाब आला, आणि एका पावसाळ्यात शाळेच्या पायऱ्यांवर दम लागून बसले ते घरी न्यायला माणसं लागली. त्यानंतर काही वर्षांत चालून आणि नको म्हणून ते निम्मे झाले. निवृत्तीनंतर त्यांनी शाळेच्या ओसरीवर सकाळचा वर्ग सुरू केला. आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलाच एक तालुका होती. जाड माणसांचा वर्ग ही गोष्टच लोकांना तमाशासारखी वाटे.

त्या वर्गात गुरुजी पदर घेतल्यासारखा टॉवेल डोक्यावर घेऊन सासूबाई होत. हातात रिकामा डाव. समोर रिकामं ताट घेऊन एकेकानं बसायचं. "घ्या की जावईबापू, एवढ्यानं काय होतं? माझी शप्पथ हाय!" बसलेल्यानं गोड शब्दांत नाही म्हणायचं. एकदा एक निवृत्त एसटी ड्रायव्हर बसला. गुरुजींनी हवेतली जिलेबी पुढं केली, तसा तो बिचारा म्हणाला, "बरं, अर्धी द्या." सगळे पोट धरून हसले. तोही हसला, आणि हसता हसता रडायला लागला. "खोटी बी सुटंना गुरुजी, खरी कशी सुटावी?" गुरुजींनी डोक्यावरचा टॉवेल काढून त्याचं तोंड पुसलं.

हे मी पाहिलेलं नाही. कमलनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, घरी येऊन सांगितलेलं आहे. मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हळदीची आडत करत होतो. पैसा होता, घरात तूप होतं, आणि कमलचं अंग भरत गेलं याचा मला अभिमानच होता. बाई जाड म्हणजे घर सुखाचं, असं आम्ही समजत होतो. पुढं तिला साखरेचा आजार निघाला. तरी मी रोज रात्री आग्रह करून वाढत असे.

ती गुरुजींकडे गेली औंढ्यामुळे. नागनाथाचा गाभारा खाली आहे, उतरायची वाट अगदी चिंचोळी. एका सोमवारी कमल त्या वाटेच्या तोंडाशी अडकली. मागून बायकांची रांग. कुणीतरी म्हणालं, "अवो, बाईला मागं ओढा, देव कोंडला!" लोक हसले. ती मागं सरली आणि सभामंडपात भिंतीकडे तोंड करून बसली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये एवढंच म्हणाली, "मला खाली उतरायचंय. मरायच्या आधी एकदा." दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या ओसरीवर होती.

नरसीच्या रस्त्यानं गुरुजी सगळ्यांना चालवत नेत. बायकांनी काम नसताना चालायचं म्हणजे लोक विचारत, "काय हरवलं का वो?" म्हणून कमल पूजेचं ताट हातात धरून चाले. हळूहळू तिचं अंग उतरलं. ती मांडी घालून बसू लागली. पुढच्या श्रावणात औंढ्याला जायचं तिनं ठरवून टाकलं. गुरुजी मला म्हणाले, "शेठ, वजन काही एकट्यानं वाढत न्हाई, सगळं घर मिळून वाढवतं. मंग उतरवायला वहिनीला एकटीलाच काहून धाडता?" मी हसण्यावारी नेलं.

त्याच सुमारास आमच्याकडे व्याही जेवायला आले. मी कौतुकानं कमलच्या ताटात जिलेबी वाढायला गेलो. तिनं हात आडवा धरला. "तुमच्या हातचं लई खाल्लं. आता नको." व्याही म्हणाले, "अरे व्वा शेठ, घरात बी तुमचा भाव पडला की!" सगळे हसले. मी हसलो नाही. तिच्याशी बोलणं टाकलं.

दोन-तीन दिवसांनी गुरुजी आडतीत आले. माझ्यासमोर गादीवर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "वहिनींचं खाणं निम्म्यावर आलं अन् साखरेची गोळी तेवढीच चालून राहिली. डॉक्टरला दाखवा, गोळी कमी करून घ्या. मी मास्तर हाय, गोळीला हात लावनार न्हाई. आन् हे बघा, साखर खाली जाऊन घाम सुटला, हात थरथरला, तर गूळ, साखर, सापडंल ते तोंडात घाला. त्या टायमाला त्यांचं नको ऐकायचं न्हाई. तुमचा आग्रह तेव्हा कामाचा." मी हो म्हणालो. हळदीचा हंगाम होता, लिलाव चालू होते. उद्या नेऊ, परवा नेऊ, असं करत राहिलो.

त्या सकाळी ती चालून आली आणि खुर्चीत बसली. बाहेर गारवा होता तरी कपाळावर घाम होता. कपबशी हातात वाजत होती. मी ते पाहिलं. विचारलं, "चहात साखर घालू?"

ती म्हणाली, "नको."

जन्मभर मी त्या बाईला आग्रह केला. त्या एका सकाळी केला नाही. "नको तर नको," म्हणालो, चपला घातल्या आणि मोंढ्यात गेलो.

शेजारची माणसं बोलवायला आली तोवर ती फरशीवर पडलेली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर फार खाली गेली, फार वेळ खाली राहिली, मेंदूला मार बसला. ती घरी परत आली, पण बोलणं गेलं. माणसं ओळखेना. जे तोंडाशी धरू ते गिळायची. अंग पुन्हा भरलं. अशी काही वर्षं काढून गेली.

नांदेडहून तिला घरी आणलं त्याच आठवड्यात गुरुजी भेटायला आले, तेव्हा मी दारात उभा राहिलो आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणालो, "उपाशी ठेवून मारली हिला तुमी! आता काय बघायला आलाव?" शेजारपाजार गोळा झाला होता. एका वाक्यात ते मला गप्प करू शकले असते. ते म्हणाले, "वहिनींना एकदा बघू द्या, शेठ." मी दार लावलं.

महिनाभरात वर्ग मोडला. शाळेनं ओसरी दिली नाही, आणि दिली असती तरी आलं कोण असतं? गुरुजी एकदा कमलला म्हणाले होते, "मी तुमाला बारीक करून न्हाई राहिलो, तुमी समदे मला बारीक ठेवून राहिले." ते खरं होतं. एकटे पडल्यावर त्यांना ते जमलं नाही.

मला ते शेवटचे भेटले औंढ्याच्या बसस्टँडवर. कमल जाऊन वर्ष झालं होतं. आधी मी ओळखलंच नाही, एवढं अंग सुटलं होतं. एक पाय एसटीच्या पायरीवर, दोन्ही हात दांड्याला, आणि दुसरा पाय जमिनीवरून उचलेना. कंडक्टर ओरडत होता, "बाबा, चढा न्हाई तर उतरा! गाडी काय मुक्कामी ठेवू?" मी मागून खांदा लावला. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. कसेबसे वर चढले, खिडकीशी बसले, दम खाल्ला आणि मग मला पाहिलं.

"शेठ, तुमी व्हय?" आवाजात राग नव्हता. "एक इचारू का? त्या गोळीचं मी तुमाला सांगितलं होतं ना? लई वर्सं झाली, आठवून राहिलो. कधी वाटतं सांगितलं. कधी वाटतं, मनातच राहिलं आन् वहिनी माझ्यामुळं गेल्या."

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो.

"मला बी आठवत न्हाई, गुरुजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मंग न्हाईच सांगितलं असंल," म्हणाले. गाडी गेली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. त्यांच्या मातीलाही मी गेलो नाही.

माझी मुलं आजही म्हणतात, आईला त्या मास्तरानं घालवलं. गावातही तेच बोलतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. गुरुजींनी सांगितलं होतं. डॉक्टरकडे न्या म्हणाले होते, घाम सुटला तर काय करायचं तेही समजावलं होतं, आणि मी ते नीट ऐकलं होतं.