दाराजवळची खुर्ची

इसमाचे नाव: हेमराज दानिएल उके. वय: एकोणसाठ. राहणार: गोरेगाव, जिल्हा गोंदिया. व्यवसाय: एसटीचा वाहक, सेवानिवृत्त. ओळखीची खूण: उजव्या खांद्यावर पट्ट्याने पडलेली कायमची खाच. सवयी: तंबाखू नाही, सुपारी नाही, बसणे नाही. प्रार्थनाघरातील पद: नाही. प्रार्थनाघरातील काम: सर्व. आसनव्यवस्था: दाराजवळची पहिली खुर्ची सदर इसमासाठी कायम राखीव असून तिचा वापर करण्यात येत नाही.

हा तपशील कुठल्या दप्तरात सापडणार नाही. पण गोरेगावात कुणालाही विचारलं तर साधारण एवढाच मिळतो, आणि शेवटचं कलम तर न विचारता मिळतं.

हेमराजने एकतीस वर्षं गोंदिया ते सडक अर्जुनी या रस्त्यावर तिकिटं फाडली. शेवटची काही वर्षं मशीनमधून काढली. साप्ताहिक सुट्टी बुधवारी. देवाने सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला. हेमराजने बुधवारी घेतला. बुधवारी प्रार्थनाघराला कुलूप असतं. त्यामुळे तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती असूनही लग्न झाल्यापासून तो रविवारच्या भक्तीला सलग दोनदा गेला असेल असं त्याच्या बायकोला, अनुसयाबाईला, आठवत नाही. त्याचे वडील गेले तेही रविवारी. निरोप सडक अर्जुनीला पोचला तेव्हा परतीची गाडी भरलेली होती. ती दुसऱ्या कुणावर सोपवता आली असती, तसं नंतर साहेबांनी बोलूनही दाखवलं. हेमराज बावन्न सवाऱ्यांची तिकिटं फाडत गोरेगावपर्यंत आला आणि आपल्याच स्टँडवर उतरला. तोवर प्रार्थनाघरातली शेवटची प्रार्थना होऊन लोक मातीकडे निघाले होते.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये तो निवृत्त झाला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून प्रार्थनाघरात आईजवळ बसला. दुसरं गीत सुरू झालं आणि तो खिडकी लावायला उठला. खिडकी लावलेलीच होती. मग त्याने ती उघडली. तेव्हापासून तो उभा आहे.

उभ्या माणसाला काम सापडतंच. प्रार्थनाघर म्हणजे टायरच्या दुकानामागचा टिनाचा हॉल. त्याचं कुलूप उघडणं, दरी अंथरणं, खुर्च्या मांडणं, पंख्याला काडीने पहिला धक्का देणं, ही कामं आधी कुणीतरी करत होतं. एका महिन्यात ती हेमराजची झाली. दाराजवळच्या खुर्चीवर त्याने आपली रेक्झिनची पिशवी ठेवली. तिच्यात गीतांचं पुस्तक, टॉर्च, पेचकस आणि दोन बल्ब. भक्ती सुरू झाली की तो मागून पुढे चालत जायचा, प्रत्येक खुर्चीच्या पाठीला बोट लावायचा आणि लांबट वहीत आकडा लिहायचा. आकडा नेहमी चोवीस. मध्यंतरी काही रविवार पंचवीस झाला होता, मंदाबाई येत होत्या तेव्हा. नंतर त्या यायच्या बंद झाल्या.

मंदाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या. एका रविवारी त्यांना उशीर झाला. रिकामी दिसली ती दाराजवळची खुर्ची. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि बसल्या. हेमराज आला आणि म्हणाला, "बाई, ही शीट रिझव्ह आहे."

"कोनाची?"

"माही."

"मंग बस ना."

"मी ड्युटीवर आहो."

"बसत नाहीस तं शीट कायले अडवून राहिलास गा?" मंदाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, उठल्या आणि गेल्या. त्या गोष्टीला आठ महिने झाले.

हे इतकं सांगावं लागलं, कारण डिसेंबरातल्या एका शुक्रवारी गोंदियाहून फोन आला. फोन पास्टर देवेंद्रचा. हा तिशीतला मुलगा दर रविवारी मोटरसायकलवरून येऊन गोरेगावची भक्ती चालवतो. "काका, एक गोष्ट आहे. इस संडे को गोंदियाच्या मंडळीचे पाहणीवाले साहेब येणार. पंचवीसच्या खाली हजेरी असली तर त्या जागी महिन्यातून एकच भक्ती. बाकीच्या रविवारी सगळ्यांनी गोंदियाला यायचं."

"आपली चोवीस आहे."

"मालूम है, काका. तुमच्याच वहीवरून कळवलंय."

गोंदिया लांब नाही. लांब आहे ती एसटीची पायरी. हेमराजची आई दुर्पताबाई ऐंशी वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. घरापासून टिनाच्या हॉलपर्यंतची दोनशे पावलं ती काठी टेकत, दोनदा थांबत, आठवड्यातून एकदा चालते. तिच्या आठवड्यात तेवढा एकच रस्ता आहे. फोन ठेवल्यावर हेमराजने तिला काही सांगितलं नाही. अंगणात अकरा फेऱ्या मारल्या. अनुसयाबाई तांदूळ निवडत होत्या; त्यांनी मोजल्या.

"काय झालं?"

"काही नाही. एक सवारी कमी पडून राहिली."

शनिवारी सकाळी सातला तो स्टँडवर होता. तो रोजच असतो. गोंदियाची गाडी लागते, सुटते, हेमराज ती सुटताना पाहतो आणि चहा घेतो. चहा उभ्यानेच. टपरीच्या बाकावर चैतराम बसलेला. चैतराम शेतकरी, हेमराजचा शाळेपासूनचा मित्र. धान निघून गिरणीत पडल्यामुळे सध्या त्याला दिवसभर मतं मांडायला वेळ होता.

"आला आमचा रिटायर डेपो," चैतराम म्हणाला. "आज तोंड काऊन असं?"

हेमराजने सांगितलं.

"हात्तिच्या! मी येतो ना उद्या. बसाचंच तं आहे. गाना मी तुह्यापेक्षा बरा म्हणतो."

"तू आमच्या वहीत नाहीस."

"लिहून टाक."

"विनातिकीट होईल." हेमराज गंभीर होता. एकतीस वर्षांत तपासणी पथकाने त्याची गाडी किती वेळा थांबवली हे त्याला आठवत नाही, पण डोकी आणि तिकिटं यांत फरक किती वेळा निघाला हे पाठ आहे: एकदाही नाही. "चेकिंग होऊन राहिली अन् मी उसनी सवारी बसवू?"

चैतरामने बशीत चहा ओतला. "बरं. चोवीस तं आहेत ना? अन् तू?"

"मी कंडक्टर."

"मंग?"

"कंडक्टर सवारीत धरत नाही."

"अन् पास्टर?"

"तो ड्रायव्हर."

चैतरामने बशी खाली ठेवली. मग टपरीवाल्याला म्हणाला, "याले आनखी एक चहा दे. अन् स्टूल दे." चहा आला. स्टूलही आलं. हेमराजने स्टुलावर पिशवी ठेवली.

दिवसभर त्याची मोटरसायकल फिरत होती. एक कुटुंब गेल्या नाताळापासून आलं नव्हतं. ते नागपूरला राहायला गेलं होतं. एक मुलगा वहीत होता, तो पुण्यात कंपनीत होता आणि फोनवर म्हणाला, "मामा, ऑनलाइन चालेल का?" दुपारी पोहे ताटात निवले. पाचला तो पोरींच्या गीतांच्या सरावाला हॉल उघडून द्यायला गेला, उघडून दिला, कुलूप खिशात घालून स्टँडवर आला, स्टँडवरून परत हॉलवर गेला. पेटी वाजवणारी दिव्या म्हणाली, "काका, तुम्ही थोडं बाहेर थांबा ना. तुम्ही फिरता तं ताल सुटून जातो."

तेव्हा तो बाहेर आला आणि ज्या एका घरी दिवसभर गेला नव्हता त्या घरी गेला.

मंदाबाई अंगणात लसूण सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "खुर्ची आनली का संगं?"

"उद्या या ना बाई. तुम्ही आल्या तं पंचवीस होते." त्याने गोंदियाचं सगळं सांगितलं. आईच्या गुडघ्यांचंही सांगितलं.

"दुर्पताबाईसाठी मी कवाही येईन," मंदाबाई म्हणाल्या. "पन एक गोष्ट सांग. माही खुर्ची कोनती?"

हेमराज या पायावरून त्या पायावर झाला.

"त्या दाराजवळच्या खुर्चीवर तूच बस. तू बसलेला दिसलास तं मी आत येईन. नाहीतं दारातूनच वापस. तुहा पहारा पाहाले मी येत नाही."

"बाई, मले नाही जमत."

"काऊन?"

गाडीत पन्नास माणसं बसलेली असतात आणि एक उभा असतो. गाडी आपल्यामुळे चालली आहे असं त्या एकाला वाटतं. बसलेल्याला कुणीतरी नेतं. प्रार्थनेत बसलेल्याला डोळे मिटावे लागतात, आणि मिटले की काय दिसेल याची जबाबदारी कुणी घेत नाही. हेमराज यातलं काही बोलला नाही. तो म्हणाला, "पंख्याले धक्का कोन देईल?"

मंदाबाईंनी लसूण घेतला आणि त्या आत गेल्या.

रविवारी साडेआठलाच पाहणीवाले साहेब गाडीतून उतरले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, बरोबर छापील फॉर्म. साहेब भले होते. दरीची, पडद्यांची आणि गोंदियाहून येताना लागलेल्या खड्ड्यांची त्यांनी आपुलकीने चौकशी केली. लोक येत गेले. दुर्पताबाई काठी टेकत आली आणि पुढच्या रांगेत बसली. गीत झालं, वचन झालं. हेमराज दाराच्या चौकटीत, एक डोळा आत, एक गल्लीच्या टोकावर. गल्लीत एक बकरी होती.

प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटले. साहेबांनी एकच मिटला आणि बोटाने मोजलं. मग पुन्हा मोजलं. प्रार्थना संपल्यावर ते हळूच म्हणाले, "चोवीस हुए. बरोबर?"

"बरोबर," हेमराज म्हणाला. आकडा जुळल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर येऊन गेलं. सवय.

"आणि आपण?"

"मी ड्युटीवर आहो, साहेब."

देवेंद्रने पुस्तकाचं पान उलटलं आणि परत उलटलं. पुढच्या रांगेतून दुर्पताबाई मान न वळवता म्हणाली, कारण मानही तिची फारशी वळत नाही:

"कायची ड्युटी गा, हेमराज? गाडी तं कवाचीच डेपोत लागली."

कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं, कारण हेमराजने पिशवी उचलली होती. ती कुठे ठेवावी हे त्याला समजेना. एकदा खांद्याला लावली, काढली, आणि शेवटी दरीवर ठेवली. मग तो बसला. आधी टोकावर, गाडी सुटेल या बेताने. नंतर मागे टेकला. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"पच्चीस," साहेब म्हणाले आणि फॉर्मवर लिहिलं.

आभाराची प्रार्थना लांबली. देवेंद्रची आभाराची प्रार्थना लांबतेच, पण त्या दिवशी त्याने मुद्दाम लांबवली असं अनुसयाबाईंचं मत आहे. हेमराजने डोळे मिटले होते. मिटलेल्या डोळ्यांवर ओल होती असं दिव्या सांगते; घाम होता असं हेमराज सांगतो. डिसेंबर होता.

आमेन व्हायच्या आत दारात चप्पल वाजली. मंदाबाई. आत रिकामी खुर्ची एकही नव्हती. हेमराज डोळे न उघडताच उठायला लागला.

"उठलास तं मी चालली," मंदाबाई म्हणाल्या आणि दरीवर मांडी घालून बसल्या.

साहेबांनी सव्वीस केले नाहीत. पेन खिशाला लागलं होतं.

नंतर बाहेर चहा आणि चना-पोहा झाला. चैतराम भक्तीला आला नव्हता, पोह्याला आला. "बसला का?" त्याने अनुसयाबाईंना विचारलं. "बसले," त्या म्हणाल्या. "अजून उठले नाहीत." चैतराम दारात जाऊन पाहून आला आणि पोह्यावर लिंबू पिळत म्हणाला, "टिकिट पाहा लागते याचा."

दहा दिवसांनी गोंदियाहून कागद आला. विषय: साप्ताहिक भक्ती चालू ठेवण्याबाबत. त्यात नमूद होतं की, गोरेगाव येथील प्रत्यक्ष पाहणीत नियमित उपस्थिती पंचवीस आढळली, सर्व उपस्थित आसनस्थ होते, आसनव्यवस्था समाधानकारक आहे, सबब भक्ती पूर्ववत दर रविवारी घेण्यात यावी. हेमराजने कागद वाचून आईला ऐकवला, घडी केली आणि बल्बांच्या शेजारी पिशवीत ठेवला. मग त्याच पिशवीतून पेचकस काढून तो हॉलकडे निघाला.

त्या खुर्चीचा मागचा डावा पाय ढिला होता, हे हेमराजला बसल्यावर कळलं. मंदाबाईंना ते आठ महिन्यांपासून माहीत होतं.