आक्कांनी पाहिलेले हिरवे ठिपके

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बेळगावात जनावरांच्या रोगनिदानाच्या लॅबमध्ये नोकरीला होते... एका सकाळी सदलग्याहून नवरा-बायको आले. नवऱ्याच्या हातात बर्फाची बादली आणि बादलीत त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचं डोकं.

कुत्र्याचं नाव राजा. तो आक्कांच्या, म्हणजे त्या बाईंच्या, हाताला चावला आणि दोन-तीन दिवसांत मेला. डॉक्टरांनी पोटातली इंजेक्शनं सुरू केली, पण एक घेऊन आक्कांनी पुढची साफ नाकारली.

"माझा राजा पिसाळला नव्हता. कुणीतरी इख घातलं त्याला," त्या म्हणाल्या. नवरा मान खाली घालून उभा... "तुमीच सांगा हिला, बाई."

आमच्याकडे नुकताच निळ्या दिव्याचा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आला होता. मेंदूच्या नमुन्यावर एक खास द्रव घालायचा. रेबीजचा विषाणू असेल तर द्रव त्याला चिकटतो आणि त्या दिव्याखाली हिरवा चमकतो. नसेल तर धुऊन जातो.

दुपारी मी राजाची स्लाइड पाहिली... सगळीकडे हिरवे ठिपके.

तोंडी सांगून आक्का ऐकणार नव्हत्या. साहेबांना विचारून मी त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं. आधी निरोगी कुत्र्याची स्लाइड दाखवली. "काय बी दिसंना," त्या म्हणाल्या. मग राजाची लावली.

त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं.

"हे हिरवं... हे त्याच्या डोक्यात हुतं?"

"व्हय, आक्का. हाच तो रोग. तुमच्या डोक्यापर्यंत पोचला तर मग औषध नाही. अजून वेळ आहे."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "म्हंजे राजा न्हाय चावला मला... ह्या रोगानं चावलं."

तेव्हा मला उमगलं. सुईची भीती नव्हतीच ती. राजा पिसाळला म्हणणं म्हणजे हातची भाकरी खाल्लेला आपल्यावर उलटला म्हणणं, असं त्यांना वाटत होतं... आणि ते सोसवत नव्हतं.

लॅबमधून त्या थेट दवाखान्यात गेल्या. सगळी इंजेक्शनं घेतली. वाचल्या.

आता माझी भाची विषाणू सापडला की चमकणारे छोटे सेन्सर बनवते, काही मिनिटांत उत्तर देणारे. तिचं काम ऐकताना मला ती अंधारी खोली आठवते... कारण तिथे बरेचदा हिरवे ठिपके मला दिसले ते माणूस हातचा गेल्यावर. आक्कांना ते वेळेत दिसले, याबद्दल मी आजही मनातल्या मनात हात जोडते.