बुरशीची बाजू घेणारी

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात भाजी घेत होते. त्याला आता महिना झाला. शोकसभेत जो उठला त्यानं तिला मृदू, मितभाषी म्हटलं आणि मी मागच्या रांगेत चिडत राहिले. सुजाता मृदू नव्हती. ती भांडायची… आणि तेही कुणासाठी, तर मातीतल्या बुरशीसाठी!

आम्ही एकाच कॉलेजात. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी मराठी. एकदा तिनं मला ओढत नेऊन सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. निळ्या शाईत रंगवलेलं केसासारखं बारीक मूळ, आणि त्याच्या पेशींमध्ये इवल्या इवल्या फांद्या. “ही मुळाला खात नाही बरं,” ती म्हणाली. “मूळ जिथं पोचत नाही तिथलं स्फुरद, पाणी ही आणून देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. हिच्या सोबतीनं झाड रोगाविरुद्ध जास्त सावध असतं.” मग सहज सांगावं तसं म्हणाली, “बाबांचा जन्म दुसऱ्यांची जमीन कसण्यात गेला. आमच्या नावावर वीतभर नव्हती. म्हणून मी जमिनीच्या आतच शिरले.”

पिशोर गावात एका खतविक्रेत्यानं शेतकऱ्यांचा मेळावा भरवला होता. बुरशीच्या पाकिटाचं कौतुक करायला तिला बोलावलं, मीही सोबत गेले. तिनं ते पाकीट आधीच तपासलं होतं. माइकवर सरळ म्हणाली, “यातली बुरशी मेलेली आहे. आणि जिवंत असती तरी तिनं अद्रकीची सड बरी होते, हे छापणं खोटं आहे. ती झाडाला बळ देते, सडलेला कंद जोडत नाही.” माइक बंद झाला. ती आवाज चढवून बोलत राहिली.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. “मॅडम, हे बाहेरचं बोलणं थांबवा.”

“वर्गात खरं शिकवायचं आणि बांधावर गप्प बसायचं, हे मला जमणार नाही, सर.”

त्या मेळाव्यात रुख्मिणबाई होत्या, पिशोरलाच अद्रक लावणाऱ्या. त्यांनी नंतर तिला गाठलं होतं. “मॅडम, बुरशीनंच तं आमची अद्रक सडली. अन् तुम्ही पुन्हा बुरशीच टाका म्हंता व्हय?”

“चोर गावात शिरला म्हणून सगळं गाव चोर होतं का, बाई?”

रुख्मिणबाई हसल्या आणि दोन वाफे देऊन बसल्या. लागणीच्या वेळी सुजातानं प्रत्येक कंदाखाली जिवंत बुरशीची माती घातली, स्फुरदाचं खत कमी करायला लावलं. त्या वर्षी पाऊस थांबेचना. आजूबाजूचे वाफे पिवळे पडले. हे दोन हिरवे राहिले, पण उताराकडचा कोपरा मात्र सडला. बघायला आलेला एक जण म्हणाला, “हरली का मॅडम तुमची बुरशी?”

मला वाटलं, आता ही सारवासारव करील. छे! “हो, इथं हरली,” ती म्हणाली. “पाण्यात बुडवल्यावर कोण टिकतं? चर खोदा, मग बोला.” आणि स्वतःच कुदळ उचलली. जरा वेळानं तो माणूसही खाली उतरला. खोदू लागला.

पुढं आजारानं तिला घरी बसवलं. डॉक्टरांनी मातीत हात घालायचा नाही म्हणून बजावलं होतं. तिनं हातमोजे आणवले…

परवा टीव्ही सेंटरजवळच्या तिच्या घरी गेले. गच्चीवर कुंड्यांमधून ज्वारी वाळत उभी होती. जिवंत मुळांवाचून ही बुरशी वाढत नाही, म्हणून सुजाता ती ज्वारीच्या मुळांवर पोसायची. तिचा भाऊ कुंड्या रिकाम्या करायला निघाला होता. तेवढ्यात रुख्मिणबाई जिना चढून आल्या. हातात रिकामी पोती.

“माती फेकू नका, दादा. पुढल्या हप्त्यात लागण हाय. औंदा आमच्या गल्लीतल्या चौघी लावणार हायेत.”

“अहो, पण आता सांगणार कोण तुम्हाला?”

“सांगायचं ते सांगून गेल्यात त्या.” त्यांनी कुंडी पालथी केली. मातीचा गोळा मुळांनी घट्ट धरलेला, फुटता फुटेना. बुरशी त्या मुळांतच होती; रुख्मिणबाई विळ्यानं ती बारीक करून मातीत मिसळू लागल्या. मी पदर खोचला आणि दुसरी कुंडी ओढली.