जांभळ्या पट्ट्याची गाडी
आमच्या गाडीला नाव आहे. समोरच्या काचेवर, दोन्ही बाजूंना आणि मागे, असं चार ठिकाणी ते लिहिलेलं असतं, आणि इतक्या वर्षांत ते कुणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तिसगावपासून पुण्यापर्यंत सगळे तिला ‘जांभळी’च म्हणतात. जांभळी गेली का? जांभळीत डबा ठेवलाय, केडगावला उतरवून घे. पुण्यात शिकणारी निम्मी पोरं या गाडीतून आलेल्या डब्यांवर वाढलीत.

या रंगाचा इतिहास फार थोर नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घोडेगावच्या बाजारात बैलजोडी विकली आणि एक जुनी प्रवासी गाडी घेतली. पोळ्याला शिंगं रंगवायला आणलेला जांभळा रंग घरात तसाच पडून होता. बैलच नाहीत तर तो ठेवून करायचं काय, म्हणून त्यांनी गाडीच्या कमरेला पट्टा ओढून डबा संपवला. पुढे गाड्या बदलल्या, पट्टा तोच राहिला. याला ब्रँडिंग म्हणतात हे मी पुण्यात जाहिरातीच्या ऑफिसात पगार घेऊन शिकले.

गेल्या वर्षी अण्णांचे गुडघे बोलायला लागले आणि घरात गाडी विकायची भाषा सुरू झाली. मी एकुलती एक. नोकरी सोडून आले आणि म्हटलं, गाडीचा धंदा मी बघते. अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“दिवाळीपस्तोर बघ,” ते म्हणाले. “गाडी भरली तर तुझी. न्हाई तर इकून मी मोकळा.”

मला ते अगदी सोपं वाटलं. स्वतःच्या हुशारीवर माझा तेव्हा फार भरवसा होता; आजही तो पुरता गेलेला नाही.

पहिलं काम मी रंगाचं काढलं. तो भडक जांभळा मला लहानपणापासून खुपायचा. अख्खी गाडी पांढरीशुभ्र केली, बाजूला राखाडी रंगात बारीक, देखणी अक्षरं. फोटो पाहून पुण्यातल्या मित्रमंडळींनी वाहवा केली. अण्णांनी गाडीभोवती लंगडत एक चक्कर मारली, “दवाखान्याची वाटती,” एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या ऐटीत आमच्या जुन्या ड्रायव्हरकाकांशेजारी बसले. करंजीच्या थांब्यावर नेहमीसारखी पंधरावीस माणसं उभी होती. एकानंही हात केला नाही. काकांनी गाडी थांबवून दार उघडलं. हातात पिशवी घेतलेल्या एका मावशींनी काकांकडे पाहिलं आणि मावशींचा चेहराच पडला.

“आरं, तू मालकाला सोडलं व्हय?”

“न्हाई हो मावशी, हीच आपली गाडी. बसा.”

“आमाला येडं समजतो का? इतकी वर्षं त्यांचं मीठ खाल्लं अन् दुसऱ्याच्या गाडीवर गेला! आमी न्हाई बसनार. जांभळी यील आमची.”

मी खाली उतरले. म्हटलं, मी मालकांची मुलगी. मावशींनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! पोटची पोरगी पन फुटली?”

मग मात्र कुणी काही ऐकायलाच तयार होईना. लोक पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले, आणि आम्ही रिकामी गाडी घेऊन नगरला पोचलो. तिकडे घरी अण्णांचा मोबाईल सकाळभर वाजत होता. ड्रायव्हर फुटला, पोरगी फुटली, जांभळी कधी येणार, हे एवढंच. मला लोकांचा भयंकर राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा अण्णांचा हेवा जास्त वाटला. माझ्यासाठी असं उन्हात कोण उभं राहिलं असतं?

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी सांगून टाकलं, “चुकलं माझं. पट्टा परत ओढते. तुम्हाला विकायची असेल तर विका.”

“करंजीला कोन कोन हुतं?” अण्णांनी विचारलं. मी आठवतील तेवढे चेहरे सांगितले. मावशींचं सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. विकण्याबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि मी रात्रभर त्याचाच अर्थ लावत बसले.

सकाळी पाहते तर अण्णा आधीच गाडीत. धुतलेली टोपी घालून पहिल्या सीटवर. करंजीला तीच माणसं, त्याच मावशी. दार उघडल्यावर त्यांनी आत डोकावून पाहिलं.

“मालक! मंग ही गाडी कुनाची?”

अण्णांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. “हिची. माझ्या पोरीची हाय. बसा निवांत.”

दिवाळीला अजून दोन महिने होते. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. माणसं एकामागून एक चढायला लागली. मावशींची शंका मात्र फिटली नव्हती.

“अन् मंग तुमी?”

“मी?” अण्णा म्हणाले. “मी आता पॅशिंजर.” आणि जरा सरकून त्यांनी मावशींना जागा करून दिली.