वाऱ्याचं पीठ

आमच्या गावच्या गिरणीवाल्याला सगळे भरडूअण्णा म्हणत. त्याच्या गिरणीत काहीही ओता, पीठ भरडच पडायचं. कुणी कुरकुर केली तर म्हणायचा, "तोंडात दात आहेत ना? मग त्यांना काम नको?" डिझेलच्या इंजिनावर तीस वर्षं त्याचा संसार धडधडत चालला होता.

मग माळावर पवनचक्की आणि शेजारी उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या बसवायचं ठरलं. अण्णानं त्यातला 'चक्की' हा शब्द तेवढा ऐकला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "उठला आपला बाजार. तिला डिझेलसुद्धा लागत नाही."

एकटा अण्णाच येडा असता तर भागलं असतं. पाती फिरायला लागली त्या सकाळी गावातल्या झाडून साऱ्या बाया दळणाचे डबे घेऊन खांबाखाली रांगेत उभ्या. गिरणीत चिटपाखरू नाही. खांब उभारायला आलेली फिटरबाई वरून उतरली तर समोर ही पलटण.

"कुठून ओतायचं?" रांगेतल्या पहिल्या म्हातारीनं विचारलं.

"आजी, ही दळत नाही. वीज करते."

"मग चक्की कशाला म्हणता?"

"तसं नावच आहे."

"असं होय. आमच्या थोरल्याला कर्ता मुलगा म्हणतात, त्यातलाच प्रकार."

फिटरबाईला 'चक्की सुरू झाली' या कागदावर गावाच्या सह्या हव्या होत्या, त्याशिवाय तिला पुढच्या गावी जाता येईना. बायांनी हात झटकले. दळलं नाही तर सुरू कशी झाली? खोट्यावर अंगठा कोण देणार? वैतागून ती म्हणाली, "बरं. खांबाखाली विजेवरची गिरणी बसवते. मग तर झालं?"

हे कळल्यावर अण्णानं जिभेला धार लावली. वाऱ्यावर दळलेल्या पिठानं पोटात वात धरतो, उन्हावर दळलेल्यानं पित्त उसळतं, असं त्यानं घरोघर जाऊन सांगितलं.

"आणि कफ?" कुणीतरी विचारलं.

"त्याचा तपास चालू आहे."

गाव पक्कं घाबरलं. फिटरबाईनं गिरणीचा विचार सोडला आणि सह्यांची आशाही. अण्णा मिशीत हसत होता, तोच त्याच्या इंजिनानं मान टाकली. मिस्त्रीनं उघडून पाहिलं आणि गेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढावी तसं फडकं टाकून निघून गेला.

दोन दिवसांनी बायकोनं अण्णाला माळावर पिटाळलं. तो खांबाकडे न बघता फिटरबाईला म्हणाला, "ताई, माझ्या गिरणीला या विजेवरची मोटर बसवता का?"

"वात धरेल ना, अण्णा?"

"तोंडच फुटकं माझं. बसवा."

मोटर बसली. पट्टा फिरला. आवाज नाही, धूर नाही आणि गिऱ्हाईकही नाही. डोक्यावर डबे घेऊन बाया परगावी दळायला जायला लागल्या. मी खोटं बोललो, असं अण्णानं चौकात उभं राहून सांगितलं, तर लोक म्हणाले, "आता पोटावर आलं म्हणून असं म्हणतोय."

शेवटी अण्णा गिरणीच्या पायरीवर बसला. आठ दिवस सगळ्यांदेखत त्याच पिठाचं खायचं, पोट उघडं ठेवायचं, म्हणजे वात धरत नाही हे गावाला दिसेल. बाया येता-जाता पोट न्याहाळत. म्हातारी तर रोज कान लावून ऐकायची. अण्णा श्वासही जपून घ्यायचा.

सात दिवस सुरळीत गेले. आठव्या दिवशी, सगळं गाव जमलेलं असताना, अण्णाला ढेकर आला. चांगला लांबलचक. अण्णाच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. फिटरबाईनं हातातला कागद घडी करून खिशात घातला.

म्हातारी पुढं झाली. अण्णाच्या तोंडाजवळ नाक नेऊन तिनं सावकाश वास घेतला.

"हा वाऱ्याचा नव्हे," ती म्हणाली. "डिझेलचा आहे. तीस वर्षांचा आत अडकला होता, आज सुटला."

आणि तिनं आपला डबा गिरणीत उपडा केला.