मागच्या बराकींचा माणूस

जुबैलच्या कारखान्यात पाइप जोडणारा नूरुद्दीन दापोलीकडचा, हट्टी आणि तोंडाने फटकळ. आखातात युद्ध पेटलं, सायरन वाजू लागले, तशी कंपनीने कामगारांच्या कॅम्पसाठी विषारी गॅसपासून वाचायचे मास्क पाठवले. वाटायचं काम कॅम्प कमिटीचं. कमिटीचे पाचही जण पुढच्या बराकींतले. निवडणूक अख्ख्या कॅम्पची एकत्र, आणि पुढे माणसं जास्त. मास्क पुढेच संपले. मागच्यांना सल्ला मिळाला, ओला टॉवेल तोंडाला बांधा.

"बराकवार निवडणूक मागू या," नूरुद्दीन म्हणाला. "एक तरी आपला माणूस आत हवा."

नियम होताच. निम्म्या कॅम्पने सह्या केल्या की सभा, सभेत बहुमत झालं की पद्धत बदलते. आजवर ते कष्ट कुणी घेतले नव्हते, एवढंच. पाळी संपली की नूरुद्दीन खोल्या पालथ्या घाली.

"कफीलच्या कानावर गेलं तर तो राहायचा इकामा रद्द करून घरी पाठवेल, नूरभाय," एखादा म्हणे.

"गॅस आला तर इकामा नाकाला लावशील? यल्ला, कर सही!"

कमिटीच्या अध्यक्षाला कंटाळलेल्या पुढच्या काहींनीही सह्या दिल्या. शुक्रवारी नमाजनंतर मेसमध्ये सभा भरली, भराभर हात वर झाले, आणि पद्धत बदलली. नूरुद्दीनला लोकांनी खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षाचा मेहुणा नसरुद्दीन गादी काखोटीला मारून मागच्या बराकीत राहायला आला. येताना टीव्ही आणला. मटण शिजवून घातलं.

"निवडणुकीला उभा राहतोय तो. आता आपल्यातलाच झाला ना," नूरुद्दीनचा खोलीसोबती कादिर म्हणाला. पहिली सही याचीच होती. "वर वजन आहे त्याचं. तू काय, सगळ्यांशी भांडतोस."

मागच्या बराकींनी आपला माणूस निवडला: नसरुद्दीन. मास्क आला तो एक, त्याच्यापुरता.

मग एका संध्याकाळी सायरन वाजला. नसरुद्दीन मास्क घेऊन पुढच्या बराकीकडे पळाला, तिथल्या खिडक्या प्लास्टिकने बंद केलेल्या होत्या. मागे सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले.

"नूरभाय," कादिर पुटपुटला, "याला काढता नाही येत?"

"येतं की. पुन्हा सह्या, पुन्हा सभा. पहिली तुझी. आण कागद."

कादिर जागचा हलला नाही. कुणीच हललं नाही.

नूरुद्दीनने टॉवेल बादलीत बुडवला, पिळला आणि स्वतःच्या तोंडाला घट्ट बांधला.